ऑलिम्पिकमधला तो हवेत उभा असलेला सर्फर आठवतोय? त्या लाटेचा खरा धोका फोटोत नव्हताच

२९ जुलै २०२४. पॅरिस ऑलिम्पिक नुकतंच सुरू झालं होतं. ब्राझीलचा सर्फर गॅब्रिएल मेदिना एका लाटेतून बाहेर पडला, हवेत उडाला आणि त्याने एक बोट आभाळाकडे केलं. शेजारी त्याचा सर्फबोर्डही तसाच सरळ उभा. एएफपीचा फोटोग्राफर जेरोम ब्रुइये याने बोटीत बसून हा क्षण टिपला आणि काही तासांत तो जगभरातल्या मोबाइलवर पोचला. फोटो खरा आहे की बनावट, असंही अनेकांनी विचारलं. फोटो खरा होता. त्या लाटेसाठी मेदिनाला दहापैकी ९.९० गुण मिळाले होते.

हा फोटो पॅरिसजवळचा नाही. पॅरिसपासून जवळपास १५,७०० किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर टेआहुपोओ नावाचं छोटं गाव आहे. ताहिती हा फ्रेंच पॉलिनेशियाचा भाग, म्हणून फ्रान्सने सर्फिंगची स्पर्धा तिथे घेतली. सर्फर मंडळी या गावाचं नाव 'चोपू' असं उच्चारतात. जगातल्या सर्वांत धोकादायक लाटांची कोणतीही यादी काढा, त्यात चोपू असतंच.

का? लाट फार उंच असते म्हणून, असं आपल्याला वाटतं. पण टेआहुपोओच्या लाटेपेक्षा कितीतरी उंच लाटा जगात आहेत. इथे जीव जातो तो उंचीमुळे कमी आणि खाली पाणी फार थोडं असल्यामुळे जास्त. हे गणित एकदा समजलं, की सर्फिंगचं पुढचं रील तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

लाट येते कुठून?

टेआहुपोओची लाट ताहितीत तयार होत नाही. ती जन्मते हजारो किलोमीटर दक्षिणेला, न्यूझीलंडच्याही पलीकडच्या समुद्रात. तिथे वादळं उठतात, वारा दिवसेंदिवस पाण्यावर घासत राहतो आणि त्यातून लांब पल्ल्याच्या लाटा तयार होतात. वाटेत मोठी जमीन नसल्यामुळे त्या फारशी शक्ती न गमावता ताहितीपर्यंत येतात.

खोल समुद्रात या लाटा दिसायला अगदी साध्या असतात. बोटीत बसला असाल तर हळूच वर उचलल्यासारखं वाटेल, बस. पण त्यांचा आकार प्रचंड असतो. एक लाट गेल्यावर दुसरी यायला १६ सेकंद लागत असतील, तर त्या दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर भरतं सुमारे ४०० मीटर, आणि लाटेचा माथा पुढे सरकतो ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वेगाने. अशी लाट साधारण २०० मीटर खोलीपर्यंतचं पाणी हलवत असते.

म्हणजे आपल्याला वर दिसते ती लाटेची फक्त टोपी. बाकी सगळा ऐवज खाली असतो.

उंबरठ्याला ठेच

आता आपल्या कोकणातला एखादा किनारा आठवा. ओहोटीच्या वेळी तुम्ही बरंच आत चालत जाता, तरी पाणी गुडघ्यापर्यंतच असतं. तळाचा उतार अगदी हळू. लाट अशा किनाऱ्याकडे येते तेव्हा तिला दुरूनच तळ लागायला लागतो. ती हळूहळू मंदावते, शक्ती थोडी थोडी खर्च करते आणि फेस होऊन पायाशी येते.

टेआहुपोओला असं काही घडत नाही. किनाऱ्यापासून काहीशे मीटर आत प्रवाळाची भिंत आहे, आणि तिच्या बाहेरच्या बाजूला समुद्राचा तळ एकदम खोल जातो. लाटेला सावरायला वेळच मिळत नाही. आत्ता खोल समुद्र, आणि पुढच्या काही क्षणांत दोन-एक मीटर पाणी.

दोन मीटर खोल पाण्यात लाटेचा वेग भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्रानुसार ताशी १६ किलोमीटरच्या आसपासच राहू शकतो. म्हणजे लाटेच्या पुढच्या भागाला करकचून ब्रेक लागतो, पण मागचं पाणी अजून त्याच जोरात येत असतं. भरधाव चालणाऱ्या माणसाचा पाय उंबरठ्याला अडखळला, की पाय जागेवर राहतात आणि धड पुढे फेकलं जातं. लाटेचंही तेच होतं. खालचा भाग अडतो, वरचा भाग पुढे कोसळतो. मागून येणारं पाणी वर चढत जातं आणि एक जाडजूड, पोकळ नळी तयार होते. सर्फर याला 'बॅरल' म्हणतात.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. वर चढायला लाटेला पाणी हवं असतं आणि ते ती समोरच्या खडकावरून ओढून घेते. त्यामुळे लाटेच्या पायथ्याशी पाण्याची पातळी आजूबाजूच्या समुद्रापेक्षाही खाली जाते. आधीच उथळ असलेल्या खडकावर आता एक मीटरही पाणी उरत नाही. टेआहुपोओचे व्हिडिओ बघताना समुद्राला खड्डा पडल्यासारखा वाटतो, तो कॅमेऱ्याचा भास नाही. खड्डा खरंच पडलेला असतो.

भरतीची वाट बघून पाणी वाढेल, असं म्हणाल तर तीही सोय नाही. ताहितीत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम ३० सेंटिमीटरचा. दुसऱ्या अनेक खडकाळ जागी सर्फर भरतीचं वेळापत्रक पाहून पाण्यात उतरतात. इथे दिवसभर खडक जवळपास तेवढाच वर असतो.

उंच लाट की उथळ पाणी?

पोर्तुगालमधलं नाझारे तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. दीपगृह, खाली उभे लोक आणि मागे इमारतीसारखी लाट. जर्मनीच्या सेबास्टियन श्टॉयडनरने २९ ऑक्टोबर २०२० ला तिथे जी लाट पार केली, तिची उंची २६.२१ मीटर मोजली गेली आणि तो गिनेस विक्रम ठरला. टेआहुपोओची स्पर्धेतली लाट याच्यापुढे लहान वाटते.

पण नाझारेची मोठी लाट जिथे फुटते, तिथे खाली पाणी भरपूर असतं. पडलेला माणूस पाण्याखाली दाबला जातो, घुसळला जातो, श्वास कोंडतो. हा धोका लहान नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझीलचा अनुभवी सर्फर मार्सिओ फ्रेइरे तिथे मरण पावला. मात्र तिथला मुख्य शत्रू पाणी आहे. टेआहुपोओला पाणी तुम्हाला उचलतं आणि खडकावर आपटतं. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचं वजन एक टनाहून थोडं जास्त. तेवढं वजन, तेही अनेक पटींनी, वरून कोसळत असतं आणि खाली गादी म्हणून एक मीटर पाणी.

हा नुसता अंदाज नाही. सर्फिंग स्पर्धांमधल्या दुखापतींचा एक मोठा अभ्यास २००७ साली अमेरिकेच्या एका क्रीडावैद्यक नियतकालिकात आला होता. जगभरातल्या ३२ स्पर्धांची नोंद त्यात होती. डोक्यापेक्षा उंच लाटांमध्ये दुखापतीची जोखीम लहान लाटांच्या तुलनेत २.४ पट निघाली. आणि खाली वाळूऐवजी खडक किंवा प्रवाळ असेल तर ती जोखीम २.६ पट निघाली. म्हणजे तळ कसला आहे, हा प्रश्न लाट केवढी आहे या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. फोटोत मात्र फक्त लाट दिसते.

पडल्यावर नेमकं काय होतं?

सर्वांत मोठी भीती डोक्याची आणि मानेची. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीत किंवा धरणाच्या पाण्यात सूर मारताना खालच्या दगडावर डोकं आपटून मुलं कायमची जायबंदी होतात. इथेही तोच प्रकार, फरक एवढाच की सूर आपण मारायचा नसतो, लाट मारायला लावते. २००० साली ब्रिस तेरिया हा ताहितीचाच सर्फर टेआहुपोओला डोक्यावर खडकावर आपटला. त्याच्या मानेचे मणके मोडले आणि तो वाचला नाही. तो काही नवशिका पर्यटक नव्हता. स्वतःच्या घरच्या समुद्रात होता.

दुसरी गोष्ट जखमांची. प्रवाळ लांबून फुलासारखा दिसतो, पण त्याचा सांगाडा चुनखडीसारखा कडक आणि धारदार असतो. २०११ मध्ये हवाईची केआला केनेली इथे पडली आणि तिचा चेहरा खडकाने फाटला. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सच्या जोआन डेफेचं डोकं पहिल्याच फेरीत खडकावर आपटलं. चार टाके पडले. त्याच डेफेने पुढे कांस्यपदक जिंकलं.

प्रवाळाची जखम साध्या खरचटण्यासारखी सोडून देता येत नाही. प्रवाळाचे बारीक तुकडे आत राहतात, समुद्रातले जिवाणू आत जातात आणि जखम आठवडेच्या आठवडे चिघळते. ताहितीत जखमेवर लिंबू चोळायची जुनी पद्धत आहे. डॉक्टर मात्र स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम नीट धुऊन आतले कण काढायला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन तपासायला सांगतात.

तिसरा धोका बेशुद्धीचा. डोक्याला मार बसून माणूस बेशुद्ध झाला, तर त्याला बुडायला एक मीटर पाणीही पुरतं. हवाईतली पाइपलाइन ही खडकावर फुटणारी दुसरी प्रसिद्ध लाट. तिथे डिसेंबर २००५ मध्ये ताहितीचा मलिक जोयो गेला. टेआहुपोओच्या राक्षसी लाटा लीलया पार करणारा म्हणून त्याचं नाव होतं. डिसेंबर २०१५ मध्ये तिथेच ऑस्ट्रेलियाच्या ओवेन राइटच्या मेंदूला इजा झाली. त्याला चालणं-बोलणं सावरत पुन्हा बोर्डवर यावं लागलं. २०१७ मध्ये तो स्पर्धा जिंकून परतला आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेऊन आला.

आणि पायाला बोर्ड बांधणारी दोरी, म्हणजे लीश? ती एरवी जीव वाचवते, कारण बोर्ड हाच तरंगण्याचा आधार. पण खडकात कपारी असतील तर तीच दोरी अडकून माणसाला खाली धरून ठेवू शकते.

मग लोक तिथे जातातच का?

कारण जे धोकादायक आहे, त्यालाच गुण आहेत. सर्फिंगमध्ये प्रत्येक लाटेला दहापैकी गुण देतात आणि खेळाडूच्या दोन सर्वोत्तम लाटांची बेरीज धरतात. परीक्षक पाहतात त्यात धाडस आणि काठिण्य हा पहिला निकष. टेआहुपोओला याचा अर्थ सरळ आहे. बॅरलमध्ये जितकं खोल जाल, जितका वेळ आत राहाल आणि तरीही बाहेर याल, तितके गुण जास्त. सुरक्षित बाजूने लाट पकडणाऱ्याला पदक मिळत नाही.

ऑलिम्पिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं टोकियोत. ती स्पर्धा वाळूच्या किनाऱ्यावर झाली. दुसऱ्याच वेळी ती एकदम टेआहुपोओला गेली. सुवर्णपदक कोणाला मिळालं? पुरुषांमध्ये काउली वास्ट याला. तो फ्रान्सकडून खेळला, पण मूळचा ताहितीचाच. लहानपणापासून या खडकाची प्रत्येक खाच माहीत असणं, ही इथे ताकदीएवढीच मोठी गोष्ट ठरली.

महिलांच्या बाबतीत तर हा प्रश्न वेगळ्याच वळणाने गेला. २००६ नंतर व्यावसायिक महिला स्पर्धा टेआहुपोओहून हलवण्यात आली आणि ती परत यायला २०२२ उजाडलं. मधली सोळा वर्षं मुलींना या लाटेवर स्पर्धेचा सराव मिळालाच नाही. ज्या खडकावर सरावानेच जीव वाचतो, तिथे सराव काढून घेणं ही काळजी म्हणायची का? २०२४ च्या मे महिन्यात ताहितीच्या वाहिने फिएरोने तिथलीच जागतिक स्पर्धा जिंकली आणि ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची कॅरोलाइन मार्क्स सुवर्णपदक घेऊन गेली. उत्तर पाण्यातच मिळालं.

जीव वाचतो कसा?

तीन गोष्टींनी: पडण्याची पद्धत, मदतीला असलेली माणसं आणि डोक्यावरचं संरक्षण.

उथळ खडकावर कसं पडायचं हे शिकावं लागतं. डोकं खाली करून सूर मारायचा नाही. पायांवर सरळ उडी टाकायची नाही. शरीर जमेल तितकं आडवं पसरून पडायचं, म्हणजे खोल जाणार नाही. मग हातांनी डोकं आणि मान झाकायची. पाण्याखालून वर येतानाही हात डोक्यावर, कारण वर बोर्ड किंवा पुढची लाट असू शकते. आणि खडकावर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय कपारीत अडकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे टेआहुपोओची रचना. डोंगरातून येणाऱ्या नदीचं गोडं पाणी जिथे समुद्राला मिळतं, तिथे प्रवाळ नीट वाढत नाही. त्यामुळे प्रवाळभिंतीत एक खोल वाट तयार झाली आहे. लाट खडकावर फुटते आणि शेजारच्या या वाटेत मवाळ होते. बोटी, फोटोग्राफर, डॉक्टर, जेट-स्की घेतलेले जीवरक्षक सगळे याच वाटेत थांबतात. पडलेल्या माणसाला दोन लाटांच्या मधल्या काही सेकंदांत उचलणारे हे जीवरक्षक नसतील, तर स्पर्धा होऊच शकत नाही.

आता मेदिनाचा फोटो पुन्हा आठवा. तो लाटेच्या पाठीवरून बाहेर पडतानाचा आहे. म्हणजे बॅरल संपलेला, खडक मागे राहिलेला, धोका टळलेला. जगाने जो क्षण सर्वांत थरारक म्हणून पाहिला, तो त्या लाटेवरचा बहुधा सर्वांत सुरक्षित क्षण होता. आधीचे काही सेकंद खरे कठीण होते.

तिसरी गोष्ट हेल्मेट. सर्फिंगमध्ये ते अजूनही ऐच्छिक आहे. पाण्यात डोकं जड होतं, ऐकू कमी येतं, आणि खरं सांगायचं तर 'भारी' दिसत नाही, अशी कारणं ऐकू येतात. ब्राझीलचा जोआओ शियांका डिसेंबर २०२३ मध्ये पाइपलाइनला डोकं आपटून बेशुद्ध झाला होता. पाण्यातल्या लोकांनी आणि जीवरक्षकांनी त्याला बाहेर काढलं. आठ महिन्यांनी तो टेआहुपोओला ऑलिम्पिक खेळला, हेल्मेट घालून. उपांत्यपूर्व फेरीत तो मेदिनाकडून हरला, पण जगातले सर्वोत्तम सर्फर हेल्मेट घालून बॅरलमध्ये जाऊ शकतात, हे सगळ्यांनी पाहिलं. दुचाकीवर हेल्मेट नको म्हणून आपण देतो त्या कारणांशी वरची कारणं जुळतात का, ते तुम्हीच बघा.

आपला याच्याशी काय संबंध?

थेट सांगायचं तर कोकणात आणि गोव्यात टेआहुपोओ नाही. गोव्यात सर्फिंग शिकवलं जातं ते वाळूच्या किनाऱ्यांवर. आपल्याकडे पोहणाऱ्यांचा मोठा शत्रू आहे तो आत ओढून नेणारा प्रवाह, खडक नव्हे. तरी वाळू मऊ असते या भरवशावर उथळ पाण्यात डोक्यावर पडू नका. मान तिथेही मोडू शकते.

पण दोन बाबतींत हा विषय आपल्यापर्यंत येतो. पहिली, भारतीय सर्फिंग पुढे चाललंय. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक जिंकलं. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. आपले बहुतेक सर्फर वाळूच्या तळावर शिकलेले आहेत. जागतिक स्पर्धांच्या दौऱ्यात ताहिती, फिजी, हवाई अशी प्रवाळाची ठिकाणं येतात. तिथे पोचायचं तर खडकावरचा सराव, त्यासाठीचा प्रवास आणि विमा यांचा खर्च कोणीतरी उचलावा लागेल. नुसतं धाडस पुरणार नाही.

दुसरी, आपल्या सुट्ट्या. पुण्या-मुंबईहून बालीला किंवा मालदीवला जाणारे आता थोडे नाहीत. बालीत कुटाच्या वाळूच्या किनाऱ्यावर नवशिके शिकतात. त्याच बेटावर उलुवाटू आणि पाडांग पाडांगच्या लाटा मात्र प्रवाळावर फुटतात. मालदीवच्या प्रसिद्ध लाटाही प्रवाळावरच्याच. दोन्हीकडे पाणी तितकंच निळं, फोटो तितकेच सुंदर. दोन दिवसांच्या क्लासनंतर एखाद्याला वाटतं, आपणही तिकडे जाऊन एक रील काढावं.

तेव्हा बोर्ड भाड्याने घेण्याआधी चार प्रश्न विचारा. तळ वाळूचा आहे की प्रवाळाचा? आत्ता पाणी किती आहे आणि ओहोटीला किती राहील? लाटेतून बाहेर पडायची सुरक्षित वाट कोणती? आणि मला काही झालं तर मला बाहेर कोण काढणार? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर किनाऱ्यावर बसून शहाळं प्या आणि जाणकारांना सर्फिंग करताना बघा.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचं सर्फिंग कॅलिफोर्नियातल्या ट्रेसल्सला होणार आहे. तिथला तळ दगडगोट्यांचा, लाट लांब आणि तुलनेने मवाळ. टेआहुपोओसारखे फोटो तिथून येणार नाहीत. काही जण म्हणतील की थरार गेला. त्यांनी ब्रिस तेरियाचं नाव आठवावं, आणि मग ठरवावं की तो थरार नेमका कोणाच्या जिवावर चालला होता.